तूर आपली, डाळ दुकानाची: खेड्यातल्या घरखर्चात पैसा खरोखर कुठं वाचतो?

वऱ्हाडी_सून
नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या बाजूला राहतो. कोरडवाहू शेती आहे, सोयाबीन, तूर, कपाशी आणि थोडा हरभरा. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दोन शाळकरी पोरं. दसऱ्यापासून मी खर्चाची वही ठेवते आहे, सगळं लिहिते, पोरांच्या पेन्सिलीपासून कूलरच्या पंपापर्यंत.

वही पाहून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. किराण्यात सगळ्यात मोठी रक्कम तेल, डाळ आणि बेसनाची आहे. तूर आमच्या शेतात होते, हरभरा होतो, तेल खातो तेही सोयाबीनचंच. आम्ही पोत्यानं विकतो आणि किलोनं विकत आणतो. आमची तूर ७० रुपये किलोनं गेली आणि आता मी डाळ १३० नं आणते. मधले पैसे कुठं जातात आणि ते आपण का सोडतो, हे मला समजून घ्यायचं आहे.

काटकसरीचे सल्ले वाचायला मिळतात ते बहुतेक शहरातल्या घरांसाठी असतात. बाहेरचं जेवण कमी करा, गाडी कमी वापरा. आमच्या खर्चात त्या ओळीच नाहीत. म्हणून विचारते: तुम्ही वर्षाचं खाण्याचं धान्य घरी ठेवता का? किती ठेवता? आणि लाईट बिल, सिलिंडर, रिचार्ज यात खरंच काही वाचतं का? जमलं तर हिशेबासकट सांगा.

कास्तकार_मोर्शी
ताई, मनातलं बोलल्या. आमचा आजा होता तोवर कणगीतली जवारी अन् कोठीतली तूर विकाची कोनाची हिंमत नव्हती. आधी वर्षाचं खानं, मंग बियानं, मंग सालदाराचं, अन् उरलं तं अडत्याकडं. आता मळणी यंत्रातून माल निंघाला का थेट ट्रॅक्टरनं मार्केटले जाते. घरात पोतं येतच नाई.

हिशेबी_मास्तर
७० ची तूर आणि १३० ची डाळ यांत सरळ ६० रुपयांचा फरक धरू नका. तुरीची टरफलं आणि चुरी निघून जाते. यंत्रावर १०० किलो तुरीची ७० किलोच्या आसपास डाळ मिळते, गावठी पद्धतीनं त्याहून कमी. म्हणजे ७० रुपयांच्या तुरीची डाळ घरातच १०० रुपये किलोला पडली. त्यावर दळाई, नेआण आणि खराब जाणारा माल. किलोमागे हातात २० ते २५ रुपये राहतात. तुमच्या सहा जणांच्या घरात महिन्याला ५ किलो डाळ लागत असेल तर वर्षाचे १,२०० ते १,५०० रुपये. वाईट नाहीत, पण याच एका गोष्टीनं घर सावरेल असं समजू नका. चुरी मात्र ढोरांना होते, तो वेगळा फायदा.

बेसनाचं गणित याहून सोपं आहे. हरभऱ्याची डाळ लवकर होते आणि पीठ गावच्या चक्कीवर निघतं.

निंबोणी
मास्तर, तुमच्या हिशेबात बाईची मेहनत कुठं आहे?

माझ्या सासूनं आयुष्यभर घरी डाळ केली. तूर भिजवायची, उन्हात वाळवायची, जात्यावर भरडायची, सुपानं पाखडायची, पुन्हा भरडायची. एप्रिलच्या उन्हात, लग्नसराईच्या दिवसांत, शेवया-पापडाच्या जोडीनं. निंदणाला गेलं तर तेवढ्या वेळात रोजी मिळते. किलोमागचे २० रुपये वाचवायला बाईनं पाठ मोडायची असेल तर ती बचत नाही, तो बिनपैशाचा रोज आहे. घरच्या डाळीची चव चांगली असते हे मला मान्य आहे. पण ती कोण करणार ते आधी ठरवा.

वऱ्हाडी_सून
निंबोणीताई, अगदी खरं. म्हणूनच विचारते आहे. जातं फिरवायची माझी तयारी नाही आणि सासूबाईंचे गुडघेही ऐकत नाहीत.

बचतगट_बुलडाणा
जात्याची गरजच नाही ताई. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं मिनी डाळ मिल तयार केली आहे, 'पीडीकेव्ही मिनी डाळ मिल' म्हणतात तिला. आमच्या भागात बचत गटांनी, शेतकरी गटांनी त्या बसवल्या आहेत. तूर नेऊन द्यायची, ते प्रक्रिया करून देतात. किलोवर दळाई घेतात. आपलं काम वाळवून नेण्यापुरतं.

आणि ठेवायची असेल तर अख्खी तूर ठेवू नका, डाळ करूनच ठेवा. भुंगेरा अख्ख्या दाण्यावर अंडी घालतो, डाळीला त्रास बराच कमी होतो. कडक ऊन द्या, गार होऊ द्या, मग कोठीत भरा. गरम भरली तर ओल धरते. मधे निंबाचा वाळलेला पाला टाका.

फल्ली_तेल
तेलाबद्दल लिहितो. सोयाबीन देऊन घरचं तेल काढायच्या नादी लागू नका. सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० टक्केच असतं आणि ते मोठ्या कारखान्यात द्रावकानं काढतात. घाण्यावर परवडत नाही. भुईमूग, तीळ, जवस, करडी यांचं तेल घाण्यावर निघतं. फल्लीच्या म्हणजे भुईमुगाच्या अडीच किलो दाण्यांतून साधारण एक लिटर तेल येतं, ढेप (पेंड) आपली. पैशाच्या हिशेबात हे तेल दुकानातल्या सोयाबीन तेलापेक्षा महागच जातं. जे घेतात ते चवीसाठी आणि भेसळीच्या भीतीनं घेतात. बचतीच्या धाग्यात हे सांगणं मला गरजेचं वाटलं.

झाडीपट्टी
आमच्याकडं भंडारा-गोंदियाकडं हा प्रश्न तांदळाचा आहे, पण आम्ही धान घरी ठेवतो. वर्षाचं खाणं बाजूला काढल्याशिवाय एक पोतं बाहेर जात नाही. लागेल तसं राईस मिलवर नेतो. क्विंटलभर धानाचा ६५ किलोच्या आसपास तांदूळ पडतो, कनकी म्हणजे तुकडा तांदूळ कोंबड्यांना, कोंडा ढोरांना. तांदळापेक्षा धान चांगलं टिकतं, म्हणून एकदम भरडत नाही.

एचएमटी तांदूळ महाराष्ट्रात ज्याच्या त्याच्या ताटात आहे. तो निवडून काढणारे दादाजी खोब्रागडे आमच्याच झाडीपट्टीतले, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे, दीड एकराचे शेतकरी. ३ जून २०१८ ला गेले. आमच्या घरी कोठी उघडली की त्यांचं नाव निघतं.

कास्तकार_मोर्शी
दादाजींचं नाव काढलं, मन भरून आलं भाऊ. आमच्या इकडं संत्र्याच्या बागा, तं आमी वरसभर तांदूळ तुमच्याकडूनच आनतो. कनकी थोडी आमालेई ठेवा, उपमा मस्त होते.

उन्हाळा_४६
डाळ-तांदूळ ठीक आहे, पण एप्रिल ते जून लाईट बिल पाहून छाती धडधडते. कूलर बंद ठेवता येत नाही, घरात म्हातारी माणसं आहेत. आमच्या गावात सगळे म्हणतात की १०० युनिटच्या वर एक युनिट जरी गेलं तरी सगळ्याच युनिटला जास्त दर लागतो. म्हणून महिन्याच्या शेवटी लोक कूलर बंद करून बसतात. हे खरं आहे का?

तारवाला
नाही. माझी उमर विजेच्या खांबावर गेली, म्हणून खात्रीनं सांगतो. पहिल्या १०० युनिटला पहिलाच दर लागतो. १०१ व्या युनिटपासून ३०० पर्यंत दुसरा दर, तो फक्त वरच्या युनिटला. त्यामुळं एका युनिटच्या भीतीनं म्हाताऱ्या माणसांना उकाड्यात ठेवू नका. उष्माघाताचा दवाखाना कोणत्याही बिलापेक्षा महाग आहे.

पण वरचा दर पहिल्यापेक्षा बराच जास्त आहे, त्यावर वीज शुल्क १६ टक्के. म्हणून १०० च्या वरचं युनिट वाचवाल तर तेच जास्त पैसे देऊन जातं. आता कुठं वाचवायचं ते सांगतो. १००० वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट, एवढं लक्षात ठेवलं की बाकी हिशेब आपोआप येतो.

साधा पंखा ७५ वॅटचा. रोज १५ तास चालला तर महिन्याला ३३ ते ३४ युनिट. कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३० वॅटच्या आसपास, तेवढ्याच वेळात १३ ते १४ युनिट. एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात. सगळे बदलू नका, जो रात्रभर चालतो तोच बदला. ६० वॅटचा पिवळा गोळा अजून गोठ्यात, न्हाणीत दिसतो, तो काढून ९ वॅटचा एलईडी लावा. कूलर २०० वॅटचा धरला आणि १० तास चालवला तर महिन्याला ६० युनिट.

कूलरचं एक सांगतो. खिडकी-दार लावून कूलर लावला तर खोलीत दमट होतं, गार होत नाही, मग माणूस तो तासन् तास चालवतो. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूनं बसवा आणि समोरचं दार किंवा झरोका उघडा ठेवा. हवा निघून जायला वाट पाहिजे. कूलरच्या गवती ताटीवर क्षार जमले की पाणी सगळीकडं झिरपत नाही, हंगामाच्या सुरुवातीला ताटी बदलाच. वाळ्याची ताटी महाग जाते, पण वास आणि गारवा तिचाच.

उन्हाळा_४६
तारवाला काका, फार उपकार झाले. हे आमच्या गावाच्या ग्रुपवर टाकतो.

तारवाला
टाका. आणि हेही टाका: बिलावरचं चालू रीडिंग आणि मीटरवरचं रीडिंग दर महिन्याला जुळवून पाहा. घर बंद दिसलं की सरासरीनं बिल येतं आणि नंतर एकदम मोठा आकडा येतो. कागदी बिलाऐवजी ई-बिल घेतलं तर महावितरण बिलात सूट देते, 'गो ग्रीन' म्हणतात त्याला. मुदतीआधी भरलं तर तत्पर भरण्याचीही थोडी सूट आहे. ज्यांचं छत स्वतःचं आणि पक्कं आहे त्यांनी छतावरच्या सौर विजेच्या सूर्यघर योजनेचा विचार करावा. १ किलोवॅटला ३०,०००, २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्तला ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे. १ किलोवॅटमधून दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज मिळते, आपल्या विदर्भातल्या उन्हात तर मिळतेच. पण ज्याचं बिलच महिन्याला ६० युनिटचं आहे त्यानं कर्ज काढून हे करू नये.

चुलीवरची_भाकर
सिलिंडरचं कुणी बोललं नाही अजून. आमच्याकडं आंघोळीचं पाणी, ढोरांचं आंबोण, उन्हाळ्यातले शेवया-कुरड्यांचे घाट सगळं बाहेरच्या चुलीवर. तुराटी आणि पऱ्हाटी, म्हणजे तुरीची आणि कपाशीची वाळलेली झाडं, घरचीच. सिलिंडर फक्त चहा, वरण-भात, भाजीला. त्यामुळं सिलिंडर बराच पुरतो. स्वयंपाक मात्र घरात चुलीवर करू नका, धुरानं माझ्या आईचे डोळे गेले.

कास्तकार_मोर्शी
काकू, पऱ्हाटीची गंजी घराजवळ लावत असाल तं एक सांगतो. गुलाबी बोंडअळी त्या वाळलेल्या बोंडातच बसून राहते अन् पुढल्या सालच्या कपाशीवर येते. कृषीवाले दरसाल सांगतात का पऱ्हाटी साठवू नका. तुराटी ठेवा पाहिजे तेवढी, पऱ्हाटी उन्हाळ्याच्या आतच संपवा. नाईतं सिलिंडरचे पैसे वाचले अन् फवारणीत गेले.

चुलीवरची_भाकर
हे नव्हतं ठाऊक भाऊ. यंदा तसंच करू.

मोजून_घ्या
सिलिंडर घेताना वजन करून घ्या. कडीजवळ रिकाम्या टाकीचं वजन रंगवलेलं असतं. त्यात १४.२ मिळवायचे. टाकीवर १५.३ असेल तर भरलेली टाकी २९.५ किलो भरली पाहिजे. गाडीवाल्याजवळ काटा असलाच पाहिजे, मागितल्यावर तो देतो. आमच्या गावात घरपोच देण्याचे पावतीपेक्षा वर पैसे मागायचे. पाच-सहा बायकांनी एकदम पावती दाखवून नकार दिला, तेव्हापासून मागणं बंद झालं. एकटीनं बोललं तर ऐकत नाहीत, हे ध्यानात घ्या. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, मराठीतही बोलता येतं.

उज्ज्वलाच्या जोडणीवर अनुदान खात्यात येतं, ते येतं की नाही हे पासबुकात पाहा. आधार जोडलेलं खातं बंद पडलेलं असलं की पैसे अडतात आणि घरात कुणाला पत्ताही नसतो.

कोपऱ्यावरचं_दुकान
मी वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यात किराणा दुकान चालवतो. धागा सुरुवातीपासून वाचला. माझी बाजू सांगतो, कुणाला राग येऊ नये.

गावातली निम्म्याहून जास्त घरं माझ्याकडं खात्यावर घेतात. आखाडीपासून दिवाळीपर्यंत वही भरत जाते, सोयाबीन निघालं की फेडतात. घाऊक व्यापारी मला एवढी मुदत देत नाही, त्याचे पैसे मी पंधरवड्यात देतो. म्हणून खात्याचा भाव रोखीच्या भावापेक्षा वर असतो, हे मी तोंडावर सांगतो. पण घेणारा भाव विचारत नाही. रोखीवाला विचारतो, वजनही पाहतो, दुसऱ्या दुकानात जाईन म्हणतो. खात्यावरच्या माणसाला ते बोलायला संकोच वाटतो. डाळीच्या २० रुपयांपेक्षा हा संकोच महाग पडतो.

माझा सल्ला असा. पिकाचे पैसे हातात येतील त्या आठवड्यात जे खराब होत नाही ते रोखीनं एकदम घ्या: साखर, तेल, चहापत्ती, साबण, मीठ. तेव्हा भाव पाडून मागा, मी देतो. खातं दुखण्याखुपण्यासाठी, अडीनडीसाठी मोकळं ठेवा. माझाही धंदा त्यात बरा चालतो. उधारी बुडते तेव्हा ती मी कुणाकडून वसूल करणार?

तेलाचं एक पाहा. १५ किलोचा डबा वेगळा आणि १५ लिटरचा वेगळा. एक लिटर तेल ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे १५ लिटरच्या डब्यात १३.६५ किलो. पाकिटांचंही तसंच, एकसारखी दिसणारी पाकिटं ९१० ग्रॅमची असतात आणि ८५० चीही असतात. आता पाकिटावर ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किती पैसे पडतात ते छापलेलं असतं. बारीक अक्षर आहे, पण तेच वाचा.

निंबोणी
दुकानदार भाऊ, तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत, बरं वाटलं. संकोचाचं तर अगदी खरं. आमच्याकडं खात्याची वही पुरुष फेडतात आणि सामान बाई आणते. तिला भाव ठाऊक नसतो, त्यांना वजन ठाऊक नसतं. दोघांनी मिळून वही वाचली तरी फरक पडेल.

शॅम्पूची_पुडी
मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं असं मात्र नाही हं. शॅम्पूच्या छोट्या पुड्या पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त पडतात, मिलिलिटरचा हिशेब करून पाहा. चहापत्ती आणि बिस्किटाचं उलटं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून आंघोळीचा साबण, शॅम्पू, टूथपेस्ट, केसाचं तेल यांचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या छापील किमतीचा माल अजून कुठं दिसला तर दुकानदाराला विचारा.

लालपरी
बाजाराला कसं जाता ते बघा. आमच्या घरून दुचाकीवर तालुक्याला जायचं तर पेट्रोल लागतं आणि सोबत चहा-भजी आलीच. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना फुकट, ६५ ते ७५ ला अर्धं. आमच्या घरी आता बाजार मी आणि सासूबाई करतो. मामंजी म्हणतात, तुम्ही दोघी गेलात की पिशवी भरून येते आणि खिसा रिकामा होत नाही!

आठवडी बाजारात संध्याकाळी उतरत्या भावात भाजी मिळते, पण हिरवी भाजी तेव्हा कोमेजलेली असते. आलू, कांदे, लसूण, भेदरं (टमाटे) संध्याकाळी घ्या, मेथी-सांबार (कोथिंबीर) सकाळीच. खरं तर सांबार, गोडलिंब, शेवगा, वांगी विकत घ्यायचीच नाहीत. न्हाणीचं पाणी जिथं जातं तिथं परसात लावा.

ढेमसं
सकाळी सांबार घेणाऱ्या ताईंना माझा नमस्कार. आमच्याकडं भाजीवाली सांबार वर टाकून देते. तेवढ्यासाठी मी त्याच बाईकडून ढेमसं घेतो, नावाला जागलं पाहिजे.

हिशेबी_मास्तर
रिचार्जचं राहिलं. घरात चार फोन आणि चारही फोनवर रोजचा डेटा, हे आता घरोघर आहे. म्हातारी माणसं फक्त बोलतात. डिसेंबर २०२४ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे रिचार्ज ठेवायला सांगितलं, ते आता मिळतात. दुकानदार आपणहून सांगत नाही, नाव घेऊन मागावं लागतं. आणि ज्या कंपनीची रेंज तुमच्या शेतात येत नाही तिचे पैसे भरू नका, नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते.

वऱ्हाडी_सून ताई, सासू-सासऱ्यांना बीपीच्या वगैरे गोळ्या असतील तर त्या जन औषधी केंद्रातून घेऊन पाहा. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून मागा. फरक बराच पडतो, डाळीच्या बचतीहून मोठाही असू शकतो.

शेला_टोपी
सगळे किराण्यात अडकले आहेत. माझ्या मते खेड्यातला मोठा खर्च लग्नांचा आहे. एका हंगामात किती लग्नं, प्रत्येक ठिकाणी आहेर, त्यांनी दिलेला दुपट्टा-टोपी घरात पडून आणि तोच दुसऱ्याला. आमच्या गावानं ठरवलं की दुपट्टा-टोपी द्यायची नाही, घ्यायची नाही. म्हातारे आधी रुसले, आता तेच सांगतात. किलोमागे दोन रुपये वाचवण्याआधी याचा विचार करा.

कास्तकार_मोर्शी
हाव, हे शंभर टक्के.

वऱ्हाडी_सून
सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानदार दादांचं वाचून मी वही पुन्हा पाहिली आणि मला उत्तर वेगळ्याच ठिकाणी दिसलं. आम्ही सोयाबीन दिवाळीच्या तोंडावर विकतो, कारण खातं फेडायचं असतं. ओलावा १२ टक्क्यांच्या वर असतो, म्हणून भाव कापतात. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता आणि आम्हाला त्याहून पुष्कळ कमी मिळाला. खात्याचा चढा भाव आणि पिकाचा पडता भाव, दोन्हीकडून पैसे जातात. डाळीचे किलोमागचे २०-२५ रुपये त्यापुढं लहान आहेत.

तर आता प्रश्न असा, की खातं न ठेवता आखाडी ते दिवाळी घर कसं चालवायचं? लाडक्या बहिणीचे १,५०० येतात त्यात तेल-साखर निघते, बाकीचं नाही.

बचतगट_बुलडाणा
ताई, हाच खरा प्रश्न. दोन गोष्टी सांगते.

एक, बाजार समितीची शेतमाल तारण योजना. माल समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजानं मिळते. त्या पैशातून खातं फेडा आणि माल वाळवून, भाव पाहून विका. सगळ्या समित्या ती चालवत नाहीत, तुमच्या समितीत विचारा.

दुसरं, गटाचं अंतर्गत कर्ज. आमच्या गटात किराण्यासाठी कर्ज द्यायचं असं आम्ही ठरवलं. बाई गटातून पैसे घेते, दुकानात रोखीनं घेते, व्याज गटातच राहतं. दिवाळीला आम्ही सगळ्या मिळून एक गाडी करून नागपूरला इतवारीच्या बाजारातून रवा, साखर, गूळ, मसाला आणतो. तिखटासाठी भिवापूरची मिरची, हळद वायगावची, वर्षाची एकदम.

फल्ली_तेल
तारण योजना चांगली आहे, पण भाव वाढेलच असं नाही. सोयाबीन दोन-तीन वर्षं ठेवणाऱ्यांचं काय झालं ते आपण पाहिलं आहे. ठेवलेल्या मालाचा भाव पडला तर व्याजही अंगावर येतं. सगळा माल ठेवू नका, खात्याच्या रकमेएवढाच ठेवा.

बचतगट_बुलडाणा
बरोबर. तेवढाच. भाव वाढला तर मिळकत, नाही वाढला तरी ओल्या मालाची कपात तर वाचते.

निंबोणी
आणि माल कुणाच्या नावावर ठेवला, पैसे कुणाच्या खात्यात आले, हेही घरात आधी बोलून घ्या ताई. वही तुम्ही लिहिता, निर्णयातही तुम्ही पाहिजेत.

वऱ्हाडी_सून
घरात बोलले. ह्यांना आधी पटत नव्हतं, तारवाला काकांचा पंख्याचा हिशेब आणि दुकानदार दादांची पोस्ट वाचून दाखवली तेव्हा ऐकलं. असं ठरलं आहे: पुढच्या तुरीतून एक क्विंटल घरी ठेवायची आणि मिनी डाळ मिलवर करून आणायची. हरभऱ्याचं बेसन चक्कीवरून. खात्यातलं निम्मं देणं आत्ताच देऊन टाकायचं, बाकीसाठी गटातून कर्ज. सासूबाई म्हणाल्या, जातं काढायचं नसेल तर मी तयार आहे.

कोपऱ्यावरचं_दुकान
ताई, तुमच्या दुकानदाराला हे सांगा, त्यालाही आवडेल. अर्धं देणं आधी देणाऱ्याला आम्ही पुढचा माल रोखीच्या भावात देतो.

नवीन_सभासद_अकोट
धागा उशिरा वाचला. आमचं केशरी कार्ड आहे, शेती आहे, पण रेशन दुकानात गहू-तांदूळ मिळत नाही. आम्हाला काहीच नाही का?

मोजून_घ्या
आहे. अमरावती विभागातले पाचही जिल्हे, वर्धा आणि मराठवाड्यातले आठ, अशा १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी पैसे देतात. २०२३ मध्ये माणशी महिन्याला १५० रुपये सुरू झाले, २०२४ मध्ये १७० केले. घरात पाच माणसं असतील तर महिन्याला ८५०. घरातल्या बाईचं आधार जोडलेलं बँक खातं लागतं. अर्ज रेशन दुकानातून किंवा तहसीलच्या पुरवठा शाखेतून मिळतो. कार्डावरच्या सगळ्यांची ई-केवायसी झालेली पाहिजे. सातबारा, कार्ड, आधार आणि पासबुकाची झेरॉक्स सोबत न्या, म्हणजे दुसरी खेप पडणार नाही.

नवीन_सभासद_अकोट
आमच्या बाईचं खातं जनधनचं आहे, चालेल का?

मोजून_घ्या
चालेल. आधी बँकेत जाऊन ते चालू आहे का आणि आधार जोडलं आहे का तेवढं पाहून घ्या.